सातपुड्याचं जागतिकीकरणाशी जुनं भांडण

जागतिकीकरण म्हटलं की आपल्याकडे लगेच 1991 साल सांगितलं जातं. मनमोहन सिंगांचं ते बजेट, परदेशी कंपन्या, मग मोबाईल आणि मॉल. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे पटतं. खान्देशात मात्र, त्यातही तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, हा हिशेब सव्वाशे वर्षं मागं न्यावा लागतो. खान्देशातल्या भिल्ल, पावरा, तडवी, मावची, कोकणा लोकांनी जे लढे दिले ते एका ओळीत ठेवून पाहिले, तरच पुढच्या नर्मदा आंदोलनाचा, वनहक्काच्या मोर्चांचा अर्थ लागतो.

सुरुवात कापसापासून करू. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांतून इंग्लंडला जाणारा कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्यांना दुसरीकडून माल हवा होता. खान्देशची काळी जमीन होतीच, त्याच सुमारास चाळीसगाव-भुसावळकडून रेल्वेही येत होती. भाव चढले तसे सावकार सढळ हातानं कर्ज देऊ लागले. 1865 मध्ये तिकडचं युद्ध संपलं आणि भाव कोसळले. कर्ज मात्र जागच्या जागी राहिलं. आता यात एक बारीक गोष्ट आहे. इंग्रजांनी शेतसारा रोखीत घ्यायला सुरुवात केली होती आणि जमीन गहाण टाकता येईल, कोर्टातून लिलावात काढता येईल अशी वस्तू करून ठेवली होती. आज या उतारावर, दोन वर्षांनी त्या उतारावर पेरणाऱ्या माणसाला जमीन विकता येते हेच नवं होतं. पुढच्या काही पिढ्यांत शहादा-तळोद्याच्या सपाटीवरच्या कितीतरी चांगल्या जमिनी अंगठा उठवणाऱ्यांकडून कागद वाचता येणाऱ्यांकडे गेल्या. वर डोंगरात 1878 च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली गेली. बापजाद्यांपासून तिथंच कसणारा माणूस त्या कायद्याच्या भाषेत 'अतिक्रमणदार' झाला. हा शब्द अजून त्याच्या मानगुटीवरून उतरलेला नाही.

तर जागतिकीकरणाची सोपी व्याख्या मी अशी करतो: एखाद्या ठिकाणच्या जमिनीचं, पाण्याचं, जंगलाचं आणि मजुरीचं काय व्हायचं हे खूप लांबच्या बाजारात किंवा लांबच्या करारात ठरतं आणि तिथं राहणाऱ्याला त्या बैठकीत खुर्ची नसते. मग ती बैठक मँचेस्टरची असो, वॉशिंग्टनची असो की क्योटोची.

इथं काही जण थेट खाज्या नाईकापासून रेघ ओढतात. सेंधव्याच्या घाटात 1857 साली कंपनीचा खजिना लुटणारा, 1858 च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला इंग्रजांशी झुंज देणारा हा भिल्ल नाईक मोठाच माणूस. पण त्याच्या बंडाला जागतिकीकरणविरोधी म्हणणं म्हणजे आजची टोपी कालच्या डोक्यावर बसवणं. ते मी करणार नाही.

सपाटीवरच्या जमिनीचं भांडण उघड झालं ते 1970 च्या दशकात, शहाद्यात. तोवर ऊस आला होता, पाण्याच्या मोटारी आल्या होत्या, हरितक्रांतीचं बियाणं आणि खत आलं होतं. शेती पैशाची झाली होती. ज्यांच्या जमिनी गेल्या तेच त्या जमिनीवर सालदार म्हणून राबत होते, म्हणजे वर्षभराच्या ठरावीक मोबदल्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत. वर बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्यांच्या राखणदारांची दहशत. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, त्यांनी आधीपासूनच माणसं जोडायला सुरुवात केली होती. मग शहरांतून शिकलेले काही तरुण येऊन मिळाले. 1972 च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

या संघटनेनं काय केलं? भजन, सभा, घेराव हे झालंच. पण चिकाटीचं काम होतं ते जुने उतारे काढण्याचं. कोणता गट कुणाच्या नावावर होता, कधी फिरला, कशाच्या बदल्यात फिरला. बायकांनी वेगळीच आघाडी उघडली. गावोगाव जाऊन दारूचे मडके फोडले, कारण मजुरीचा पैसा घरी पोहोचतच नव्हता. अंबरसिंग 1974 मध्ये फार लवकर गेले. त्याच सुमारास राज्यानं आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला आणि 1957 ते 1974 या काळातली हस्तांतरणं त्यात आणली. सगळ्यांना जमिनी परत मिळाल्या असं अजिबात नाही. पण हरवलेली जमीन कागदानं गेली होती आणि कागदानंच परत मागता येते, ही अक्कल तालुक्यात पसरली. पुढं डोंगरात तीच कामाला आली.

डोंगरात, म्हणजे अक्कलकुवा आणि अक्राणीत. सरदार सरोवर धरण गुजरातेत नवागामला. त्याच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं येणार होती, सगळी या दोन तालुक्यांतली. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये झाला. नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांत चाललेला वाद सोडवायला नेमलेल्या नर्मदा लवादानं 1979 मध्ये निवाडा दिला. ज्याची ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त जमीन बुडेल त्याला निदान 2 हेक्टर जमीन, सज्ञान मुलाचं कुटुंब वेगळं धरायचं आणि पाणी चढण्याआधी पुनर्वसन. वाचायला उत्तम. अडचण अशी की या गावांतल्या कितीतरी शेतांची महसुली दप्तरात नोंदच नव्हती. शेत आहे, ज्वारी-मका पिकतो, बांधावर आजानं लावलेला आंबा आहे, पण सरकारच्या नकाशात तिथं जंगल. मग तो जमीनधारक कसा? तो अतिक्रमणदार! त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन का द्यायची, असा प्रश्न निघाला.

आणि इथं वॉशिंग्टन येतं. 1985 मध्ये जागतिक बँकेनं या प्रकल्पासाठी 45 कोटी डॉलरचा करार केला. भारताच्या पर्यावरण खात्याची परवानगी आली 1987 च्या जूनमध्ये, तीही अटी घालून. म्हणजे कर्ज आधी, परवानगी दोन वर्षांनी. कोण बुडणार, किती बुडणार, त्यांना कुठं नेणार याची नीट मोजदाद झालेली नसताना सही झाली होती. साधा पीक कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत गेलेल्या शेतकऱ्याला किती कागद मागतात ते आठवून पाहा.

मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी 1980 च्या दशकाच्या मध्यावर या गावांत फिरू लागले तेव्हा लोकांचे प्रश्न साधे होते. पाणी कुठवर येणार? जमीन कुठं देणार? दाखवा. उत्तरं मिळेनात, म्हणून विरोध वाढत गेला. 'विकासाला विरोध' अशी जी टीका होते तिचा क्रम उलटा आहे. आधी माहिती मागितली, ती न मिळाल्यावर नकार आला. मोजणीला आलेल्यांना गावात शिरू द्यायचं नाही, दगड रोवू द्यायचे नाहीत, ही हत्यारं त्यातून आली. 'आमु आखा एक से', आपण सगळे एक आहोत, ही घोषणा भिल्ल, पावरा आणि खाली मध्य प्रदेशातल्या निमाडातला शेतकरी यांना एका दोरीत ओवण्यासाठी होती. ते सोपं नव्हतं. निमाडचा पाटीदार आणि डोंगरातला पावरा यांचं एरवी एका पंगतीत बसणं नव्हतं.

बाहेरच्या दबावाचा भाग तितकाच महत्त्वाचा. आंदोलनाचे लोक वॉशिंग्टनला जाऊन बोलले, जपानमध्ये मित्रसंघटना उभ्या राहिल्या आणि 1990 मध्ये जपाननं जनित्रांसाठीचा पैसा थांबवला. बँकेनं 1991 मध्ये स्वतंत्र समिती नेमली, अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स. बँकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच होत होतं. 1992 च्या जूनमध्ये समितीनं सांगितलं की पुनर्वसनाचं काम आहे त्या परिस्थितीत होणार नाही, बँकेनं मागं सरावं. विशेष म्हणजे समितीनं महाराष्ट्रातल्या या 'अतिक्रमणदारां'चा प्रश्न बारकाईनं पाहिला. तळोद्याचं जे जंगल पुनर्वसनासाठी मोकळं केलं जात होतं, त्यावर आधीच दुसरे आदिवासी कसत होते हेही तिनं टिपलं. म्हणजे एका भिल्लाला वसवायचं तर दुसऱ्या भिल्लाला उठवायचं.

1993 च्या मार्चमध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज घेणार नसल्याचं कळवलं. कागदावर हा विजय. त्याच पावसाळ्यात मणिबेलीतली घरं पाण्यात गेली. अक्कलकुव्यातलं, धरणाला सर्वांत जवळचं गाव हे. पोलीस बंदोबस्तात लोक घरं सोडायला तयार नव्हते. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं देऊळ पुढच्या वर्षी बुडालं. 1993 च्या नोव्हेंबरमध्ये चिंचखेडीला पोलीस गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा 15 वर्षांचा मुलगा मारला गेला. बँक गेली म्हणून धरण थांबलं नव्हतं. पैसा देशातून उभा राहिला.

तरी मणिबेलीचं नाव जगभर गेलं. 1994 मध्ये जगातल्या 300 हून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देऊ नये असं जाहीर केलं आणि त्या मसुद्याला नाव दिलं मणिबेली जाहीरनामा. त्याच रेट्यातून पुढं जागतिक धरण आयोग बसला, त्याचा अहवाल 2000 मध्ये आला. बँकेनंही 1993 मध्ये एक तपासणी मंडळ नेमलं, ज्याच्याकडे प्रकल्पाचा फटका बसलेली माणसं थेट तक्रार करू शकतात. आज आफ्रिकेत किंवा नेपाळमध्ये कुणी त्या मंडळाचं दार ठोठावतं तेव्हा त्याला अक्कलकुवा ठाऊक नसतं. आपल्यालाही ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये काम थांबवलं होतं, 18 ऑक्टोबर 2000 ला दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं पुढं जायला परवानगी दिली. त्याआधी 1999 च्या पावसाळ्यात डोमखेडीला लोक चढत्या पाण्यात उभे राहिले. 2017 मध्ये दरवाजे बंद झाले आणि धरण 138.68 मीटरपर्यंत भरण्याची वाट मोकळी झाली. विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला होता. ज्यांच्या डोंगरांभोवती ते पाणी साचलं त्या काठावरच्या पाड्यांत तारा पोहोचायला मात्र कैक वर्षं लागली.

हरलेल्या लढ्यातून काय उरलं म्हणाल तर जीवनशाळा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाणसारख्या गावांत आंदोलनानं स्वतःच्या शाळा काढल्या, कारण सरकारी शाळेचे गुरुजी झेंडावंदनापुरते उगवत. पहिले धडे पोरांच्या बोलीत, मराठी त्यानंतर. या शाळांतून शिकलेली पोरं नंतर अर्ज लिहू लागली, तलाठ्याकडे, प्रांताकडे जाऊन हुज्जत घालू लागली. शिवाय लढ्यामुळे महाराष्ट्रात निदान अनेक कुटुंबांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली. काहींनी आंदोलनाची वाट न पाहता पुनर्वसन घेतलं आणि त्यांना गद्दार म्हणणं मला कधी पटलं नाही. पाणी उंबऱ्याला लागलेल्या माणसानं काय करावं हे तिसऱ्यानं सांगू नये.

आता दक्षिणेकडे, साक्रीकडे वळू. धुळ्याहून सुरत रस्त्यानं जाताना ब्राह्मणवेल, छडवेल भागात पठारावर पवनचक्क्यांची रांग दिसते. 2000 नंतर त्या झपाट्यानं उभ्या राहिल्या, त्यातल्या बऱ्याच वनजमिनीवर. वारा फुकट, धूर नाही, मग भांडण कशाचं? इथंही लांबचा एक करार होता. 1997 च्या क्योटो करारात अशी सोय होती की श्रीमंत देशातल्या कारखान्यानं आपला धूर कमी करण्याऐवजी गरीब देशातल्या 'स्वच्छ' प्रकल्पाकडून कार्बनची बचत विकत घ्यावी. धुळे जिल्ह्यातल्या काही पवनचक्क्यांनी तशी नोंदणी केली. म्हणजे साक्रीच्या पठारावरच्या पात्याला विजेचे पैसे मिळत आणि युरोपातल्या धुराचेही. त्या पठारावर नाचणी-भगर पेरणाऱ्या आणि ढोरं चारणाऱ्या कुटुंबाकडे मात्र जमिनीचा पट्टा नव्हता, कारण पुन्हा तेच, तो अतिक्रमणदार. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेसारख्या संघटनांनी हा मुद्दा धरला. त्यांचं म्हणणं पवनचक्की नको असं नव्हतंच. आधी आमचा हक्क नोंदवा, मग जमीन द्यायची की नाही ते ग्रामसभा ठरवेल.

हे म्हणायला आधार मिळाला तो 2006 च्या वनहक्क कायद्यानं. एक वनदावा कसा उभा राहतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. दावेदार 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती जमीन कसत असला पाहिजे आणि जास्तीत जास्त 4 हेक्टर मिळू शकते. पुरावे निदान दोन हवेत. आता ज्या माणसाचं नाव सरकारनं कधी लिहूनच घेतलं नाही तो पुरावा कुठून आणणार? वनखात्यानं पूर्वी केलेल्या दंडाची पावती मोठी कामाची ठरते. ज्या कागदानं बापाला गुन्हेगार ठरवलं तोच कागद मुलाच्या हक्काचा पुरावा! आजोबांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली ती पिवळी पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोरगा घेऊन येतो. पावती नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेता येतो. जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा हेही पुरावा म्हणून चालतं. शेताच्या कडेचा वाघदेव अशा रीतीनं सरकारी फायलीत साक्षीदार होतो. मग गावाची वनहक्क समिती पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते आणि फाईल प्रांताच्या समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाते.

वाटेत फायली अडतात, कारण न देता फेटाळल्या जातात, मोजणीत 3 एकराचे 30 गुंठे होतात. म्हणूनच 2018 चे मोर्चे निघाले. मार्चमध्ये किसान सभेचा नाशिक ते मुंबई पायी मोर्चा सगळ्या टीव्हीवर दिसला, त्यातले बहुसंख्य वनजमीनवाले होते. नोव्हेंबरमध्ये लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेच्या नेतृत्वाखाली ठाण्याहून आझाद मैदानावर गेलेल्यांत नंदुरबार, धुळे, जळगावची माणसं मोठ्या संख्येनं होती. पुढं 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि देशभर गदारोळ झाल्यावर दोनच आठवड्यांत त्याला स्थगिती दिली. त्या दोन आठवड्यांत सातपुड्याच्या पाड्यांवर काय वाटलं असेल याची कल्पना करा.

वैयक्तिक पट्ट्यापेक्षा मोठा हक्क म्हणजे सामूहिक वनहक्क. गावाच्या हद्दीतलं जंगल राखण्याचा, त्यातलं उत्पन्न घेण्याचा अधिकार ग्रामसभेला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं कायदा येण्याच्या कितीतरी आधी आपलं जंगल राखून दाखवलं होतं. त्या कामात पुढं असलेल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी तिथल्या रानभाज्यांच्या स्पर्धेचे फोटो टाकले. कुऱ्हाडबंदीचे नियम आणि ते मोडणाऱ्याला गावानं केलेला दंड, हे खरं काम कुणाच्या फोटोत आलं नाही.

मग हे लोक जगाच्या विरोधात आहेत का? 9 ऑगस्टला नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, कुठंही जाऊन पाहा. जागतिक आदिवासी दिन संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला. भारत सरकारची भूमिका मात्र अशी की इथले सगळेच मूळचे, त्यामुळे वेगळा 'मूलनिवासी' कुणी नाही. आणि इथले तरुण याच परक्या दिवशी तीर-कामठं घेऊन, ढोल आणि डीजे दोन्ही लावून रस्ते भरून टाकतात. मेक्सिकोत चियापासच्या आदिवासींनी 1 जानेवारी 1994 ला, मुक्त व्यापाराचा करार लागू झाला त्याच दिवशी बंड केलं. ओडिशात नियमगिरीच्या 12 ग्रामसभांनी 2013 मध्ये बॉक्साइटच्या खाणीला एकमतानं नाही म्हटलं. सातपुड्यातल्या कार्यकर्त्यांना ही नावं पाठ असतात. जग नको असं त्यांचं म्हणणं नाही, आम्हाला विचारा एवढंच आहे.

आणि विचारायचं झालं तर गावात माणूस हवा. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरातले पाडेच्या पाडे ओस पडतात. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना ऊसतोड लागते, बारडोलीकडं ट्रक भरभरून जातात. वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका. निम्मं गाव उसाच्या फडात कोयता चालवत असताना तो कोरम भरायचा कुठून? होळीला माणसं परततात, तेव्हा ठराव उरकून घ्यावे लागतात.

ही माणसं फडात का जातात याचं एक उत्तर त्याच कायद्यात आहे. वनपट्टा वारसानं मिळतो पण विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. सावकाराच्या तडाख्यातून जमीन वाचवायची तर ही अट बरोबरच आहे, 1860 नंतर काय झालं ते आपण पाहिलंच. पण गहाण पडत नाही म्हणून बँक पीककर्ज द्यायला कां-कूं करते. बियाण्याला, खताला, पोरीच्या लग्नाला पैसा लागतोच. तो देतो मुकादम, म्हणजे ऊसतोडीला टोळ्या नेणारा ठेकेदार. पावसाळ्यात, घरातलं धान्य सरत आलेलं असताना, पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, तो रोख हातात ठेवतो आणि वहीत नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मांडून घेतो. पट्टेधारकांना पीककर्ज मिळालंच पाहिजे ही मागणी हल्ली प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात असते, बहुधा चौथ्या-पाचव्या क्रमांकावर. मला विचाराल तर ती पहिल्या क्रमांकावर हवी.